हेडिंग मुलींना द्या

मला राग आला की बोलता येत नाही. शब्द गळ्यापर्यंत येतात आणि तिथेच बसतात. ज्यांना जागच्या जागी भांडता येतं, त्यांच्याकडे सांगायला काही उरत नाही. त्यांचं तिथेच मिटतं. माझं मिटत नाही. घरी येईपर्यंत त्याचं एक चांगलं वाक्य तयार होतं, पण तेव्हा समोर कोणी नसतं. मग आठवडाभराने त्याचा किस्सा होतो. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचे असे इतके किस्से साठलेत, की माझी मैत्रीण अफरीन म्हणते, "मयू, आता लिहून काढ, नाहीतर तुला अपचन होईल."

म्हणून लिहिते.

आधी थोडं समजावून सांगते. लॅबमध्ये आम्ही माहिती टेबलांत भरतो. त्या माहितीला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. कोणत्या गावात केळीचा कोणता वाण आहे, असं कॉम्प्युटरच्या भाषेत विचारलं, की काळ्या पडद्यावर उत्तर येतं, कॉलम पाडून. प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर त्याचं नाव असतं. ते हेडिंग. ते नीट दिसावं म्हणून वेगळ्या आज्ञा द्याव्या लागतात. कॉलम किती रुंद हवा, हेडिंग काय हवं, लांब असेल तर दोन ओळींत कुठे मोडायचं, सगळं सांगावं लागतं. बस, एवढंच. एवढ्यावरून आमच्याकडे काय काय झालं ते आता ऐका.

\* \* \*

अकरावीच्या सुरुवातीला कॉम्प्युटरच्या सरांनी प्रोजेक्टचे गट पाडले. आमच्या गटात चौघं: तेजस, रोहित, अफरीन आणि मी. विषय केळी. भडगावात राहून दुसरा विषय शोधायचा तर गिरणा नदी ओलांडावी लागेल, असं सर म्हणाले. गावोगावची केळीची माहिती गोळा करायची, टेबलात भरायची आणि क्वेरी लिहून दाखवायची. खानदेशातल्या शाळांचं प्रदर्शन धुळ्याला भरतं. तिथे ज्या गटाचं काम जाईल, त्यातल्या दोघांनी जाऊन ते परीक्षकांना समजावून सांगायचं.

मला जायचं होतं. हे मी अफरीनशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण जी मुलगी हजेरीला "हजर" म्हणते तेही शेजारच्या बाकाला ऐकू जात नाही, तिने परीक्षकांशी बोलायची इच्छा धरली हे ऐकून लोक हसले असते.

मग सरांनी कामं वाटली. "क्वेरी तेजस आणि रोहित लिहितील. माहिती भरणं आणि हेडिंग मुलींना द्या. त्यांचं अक्षर चांगलं असतं."

अफरीन माझ्यासारखी नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण अक्षर तर कॉम्प्युटरचं असतं ना?"

सरांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असू दे. तरी पण."

\* \* \*

एकदा तालुक्याहून एक अधिकारी शाळा बघायला आले. सरांनी त्यांना लॅबमध्ये आणलं आणि तेजसला सांगितलं, चालव एखादी क्वेरी. तेजसने शेतकऱ्याचं नाव आणि गाव मागवलं. घाईत दोन शब्दांच्या मधला स्वल्पविराम राहिला. तो राहिला की कॉम्प्युटरला वाटतं, दुसरा शब्द म्हणजे पहिल्या कॉलमचं हेडिंग. त्यामुळे पडद्यावर एकच कॉलम आला. हेडिंग गावाचं, आणि खाली सगळी शेतकऱ्यांची नावं.

साहेब खुर्ची ओढून बसले आणि वाचू लागले. वाचता वाचता थांबले. म्हणाले, इतकी वर्षं या भागात फिरतोय, पण हे कैलास नावाचं गाव कधी लागलं नाही. कोणत्या तालुक्यात आलं?

कैलास म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले कैलास आबा. त्यांची माहिती मीच भरली होती.

तेजस क्षणभरही अडखळला नाही. "जामनेर, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. म्हणाले, असेल, जामनेर मोठा तालुका आहे. ते गेल्यावर सरांनी नीट बघितलं आणि मला बोलावून घेतलं. हेडिंग चुकलं म्हणजे कोणाची चूक, असं त्यांनी विचारलं. मी खाली बघितलं. स्वल्पविरामाचं वाक्य मला घरी आल्यावर सुचलं. कैलास आबा मात्र अजून भडगावातच राहतात.

\* \* \*

पालकसभेसाठी वर्गाची यादी छापायची होती. विद्यार्थी, वडील, आई, गाव. हेडिंग आणि रुंदी मी नीट लावून ठेवली होती. तेजसने छापून बघितलं तर कागदाच्या बाहेर जात होतं. त्याने मला न विचारता आईचा कॉलम आवळला. वडिलांचा नाही, गावाचाही नाही. आईचा. इतका, की पाच अक्षरांच्या पुढे जागाच नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा पुरली नाही तर नाव तुटून खालच्या ओळीत जातं. हेडिंग तर तुटतही नाही, सरळ कापलं जातं. त्यामुळे वर्गातल्या यच्चयावत वडिलांची नावं एका ओळीत ताठ उभी, आणि आया तुकड्या-तुकड्याने खाली लोंबत होत्या. मी त्याला विचारलं, आईचाच का? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो म्हणाला, "ते कोण वाचतं?"

सभेच्या दिवशी सह्या करायला बायांची रांग लागली. सगळ्यांत पुढे एक अक्का होत्या, शेतातून थेट आलेल्या, हाताला केळीचा चीक लागलेला. मुलाच्या नावापुढे त्यांनी बोट ठेवलं, बोट पुढे सरकवलं, आणि मग खाली. पुन्हा खाली. मग सरांना म्हणाल्या, "हाई मन्हं नाव शे का? नवरानं नाव एक ओळमा बसनं, अन् मन्हं तोडी टाकं?"

सर घाईघाईने म्हणाले, अक्का, माफ करा, हेडिंगचं काम मुलींकडे आहे, त्यांच्याकडून राहिलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांनी नुसतं बघितलं, तू मुलगी असून, असं. त्या नजरेचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, म्हणून हा किस्सा मी कधी हसत सांगू शकत नाही.

\* \* \*

हा मात्र छोटा आहे.

मुख्याध्यापिका मॅडमना निकालाच्या यादीची हेडिंग मराठीत हवी होती. त्यांचं बरोबर होतं. पण लॅबमधलं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला मराठी अक्षर दाखवता येत नाही; प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. हे मी सरांना आधी सांगितलं होतं. हळू सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. ते म्हणाले, तू मराठी टाक, येईल.

छापून आलं तेव्हा डोक्यावर प्रश्नचिन्हांची रांग, आणि खाली इंग्रजीत भरलेली मुलांची नावं, गावं, टक्के. सर तो कागद न बघताच ऑफिसात देऊन आले. तिथले नाना पस्तीस वर्षांपासून शिक्के मारतात. त्यांनी चष्मा लावून कागद वरून खालपर्यंत बघितला आणि शिक्का मारला. मी दारात उभी होते. मला म्हणाले, "वर प्रश्न शेत, खाले उत्तरं शेत. पेपर पुरा सोडवेल शे. जाय."

\* \* \*

आता केळ्यांचा. तो शाळेत सगळ्यांना माहीत आहे, पण चुकीचा माहीत आहे.

आमच्या सॉफ्टवेअरची एक सवय आहे. एखाद्या कॉलमला एकदा हेडिंग दिलं, की पडद्यावरची ती खिडकी बंद करेपर्यंत ते विसरत नाही. त्याच नावाचा कॉलम दुसऱ्या टेबलात असला तरी त्याच्याही डोक्यावर तेच हेडिंग बसवतं. केळीच्या टेबलात वाणाच्या कॉलमचं नाव तेजसने 'नेम' ठेवलं होतं. त्याला मी 'बनाना व्हरायटी' असं हेडिंग दिलं होतं. आणि माझं काम झाल्यावर मी जेवायला गेले होते.

तेवढ्यात सरांना शिक्षकांची यादी हवी झाली. तेजसने माझी खिडकी बंद केली नाही. तिथेच शिक्षकांच्या टेबलावर क्वेरी चालवली. त्या टेबलातही कॉलमचं नाव 'नेम'. त्याने छापलं, रोहितने जाऊन बोर्डावर लावलं.

मधल्या सुट्टीत बोर्डासमोर अख्खी शाळा. सगळ्यांत वर ठळक 'बनाना व्हरायटी', आणि त्याखाली मुख्याध्यापिका मॅडमपासून पीटीच्या सरांपर्यंत सगळे ओळीने. चित्रकलेच्या मॅडम चष्मा पुसून वाचून आल्या आणि स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "माझ्यापुढे पिकायला किती दिवस लागतील तेही लिहा."

सगळे हसले. नंतर सरांनी मला उभं केलं. मला सांगायचं होतं, की सर, ज्याने क्वेरी चालवली त्याने आधी खिडकी बंद करायला हवी होती. मी "सर" एवढं म्हटलं. मग घंटा झाली.

\* \* \*

दिवाळीत मामा आले. ते नरडाण्याच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात आहेत. काय शिकतेस म्हणाले. मी म्हटलं, हेडिंग. पप्पा हसले. मामा हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडे मागे एकदा दोन कॉलमची हेडिंग एकमेकांच्या जागी गेली. एक कॉलम पाठवायच्या मालाचा, दुसरा तक्रार होऊन परत आलेल्या मालाचा. लोकांनी कागद वाचला आणि परत आलेले डबे पुन्हा ट्रकवर चढवले. आणि ज्या माणसाने ते परत पाठवले होते, त्याच्याच दारात नेऊन उतरवले. त्या माणसाने फोनवर काय म्हटलं ते मामा माझ्यासमोर सांगू शकत नव्हते. तेव्हापासून त्यांच्याकडे हेडिंग तपासायला एक मोठे इंजिनियर आहेत. त्यांची सही झाल्याशिवाय कागद हलत नाही.

"तुमच्याकडे कोण करतं?" मामांनी विचारलं.

"मी आणि अफरीन."

"आणि सही?"

"तेजसची," मी म्हटलं.

\* \* \*

प्रोजेक्टचा अहवाल बांधून आला. पहिल्या पानावर विषय, शाळा, आणि खाली नावं. क्वेरी: तेजस, रोहित. सजावट: अफरीन, मयूरी.

अफरीनने ते दोनदा वाचलं. गावोगाव जाऊन केळीच्या बागांत उभं राहून लोकांना विचारलं होतं कोणी? आम्ही दोघींनी. तिचे अब्बा शिलाईच्या दुकानातून सुटले की आम्हाला गाडीवर घेऊन जायचे आणि बांधावर थांबून राहायचे. माहिती आम्ही भरली. हेडिंग आम्ही लावली.

ती सरांकडे गेली आणि शांतपणे म्हणाली, "सर, मी फुगे कुठे लावले होते?"

सर म्हणाले, एका शब्दाने काय होतं? आणि त्याच दमात सांगून टाकलं, की धुळ्याला आमच्याच गटाचं काम जाणार आहे, आणि ते तेजस आणि रोहित सांगतील. परीक्षक क्वेरी बघतात. शिवाय तुम्हाला दोघींना एवढ्या लोकांसमोर बोलायला जमणार नाही. हे म्हणताना ते अफरीनकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

त्या दिवशी मला घरी आल्यावरही वाक्य सुचलं नाही.

\* \* \*

शेवटचा धुळ्याला जायच्या आधीचा आहे.

केळ्यांच्या गोंधळानंतर तेजसने एक शक्कल काढली होती. कॉलमला नावंच नकोत, म्हणजे नावांचा घोळ नको. त्याने केळीचं टेबल नव्याने केलं आणि कॉलमना सी-वन, सी-टू, सी-थ्री अशी नावं दिली. हेडिंग तर मुली देतातच, असं तो म्हणाला होता. सरांना ते फार आवडलं होतं. आमची हेडिंगची फाइल चालवली, की सी-थ्रीच्या जागी नीट नाव यायचं. त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं.

प्रदर्शनाच्या आठवड्यात सरांनी कॉम्प्युटर साफ करायला सांगितला. क्वेरीची फाइल ठेवा, बाकी पसारा काढा. तेजसने पसारा काढला. आमची फाइल पसाऱ्यात गेली. ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, मुख्याध्यापिका मॅडम रंगीत तालीम बघायला लॅबमध्ये आल्या तेव्हा. गटातले सगळे हवेत म्हणून आम्हा दोघींनाही बोलावलं होतं. आम्ही मागे भिंतीला टेकून उभ्या.

तेजसने क्वेरी चालवली. उत्तर झपकन आलं. सी-वन, सी-टू, सी-थ्री, सी-फोर, सी-फाइव्ह. पहिल्या दोन कॉलमांत गावं आणि वाण होते, ते कोणालाही ओळखू येतं. पुढे नुसते आकडे.

मॅडम पुढे वाकल्या. त्यांच्या माहेरी केळीच्या बागा आहेत, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. तेजसला त्या क्षणी आठवलं नसावं. त्यांनी अकरावर बोट ठेवलं. हे काय?

"घडाचं वजन, मॅडम."

मग शेजारच्या बावीसवर.

"महिने. घड कापायला यायला लागतात ते."

मॅडम सरळ बसल्या. "बावीस महिने? बाळा, त्या घडाची वाट बघत तू बारावी होऊन जाशील."

तेजस म्हणाला, मग उलट असेल. मॅडमनी विचारलं, असेल म्हणजे? त्याने आपली क्वेरी उघडून बघितली. तिच्यातही सी-थ्री आणि सी-फोरच लिहिलेलं होतं. रोहित छताकडे बघत होता. मॅडमनी शेवटच्या कॉलममधल्या नऊवर बोट ठेवलं आणि सरांना विचारलं, निदान हे तरी काय आहे?

सर म्हणाले, हेडिंगचा प्रश्न आहे मॅडम, किरकोळ आहे. आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "मयूरी, सांग बरं याला पटकन. लिहून घे रे तेजस."

तेजसने खरंच पेन काढलं.

मला सगळं माहीत होतं. ते नऊ म्हणजे घडाच्या फण्या होत्या, आणि त्या एकेक करून मोजताना अफरीनच्या ओढणीला चीक लागला होता, तो अजून निघालेला नाही. शब्द गळ्यापर्यंत आले. अफरीनने माझा हात धरला. सगळे वळून माझ्याकडे बघत होते.

मॅडम म्हणाल्या, "तुला माहीत आहे का, मयूरी?"

"हो मॅडम. सांगते," मी म्हटलं, आणि ते पहिल्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "अफरीन आणि मी. धुळ्याला."